माकडाने चष्मा नेला, खेकड्याने चप्पल: बेटांवरचे प्राणी आणि आपली फजिती

आगाऊ_गलबत

निळ्याशार पाण्याचे आणि सूर्यास्तांचे धागे इथे ढिगाने आहेत. हा धागा त्या पाण्याकाठी राहणाऱ्या आणि आपल्या सहलीचा परस्पर ताबा घेणाऱ्या मंडळींचा. प्राणी, पक्षी, मासे, किडे, सगळे चालतील. (सोबत आलेल्या नातेवाइकांचा धागा वेगळा आहे आणि तो तुडुंब वाहतोय, तिकडची भांडणं इकडे आणू नका.)

सुरुवात माझ्याकडून. अंदमान, सगळ्या कुटुंबाची वरात आणि वरातीचे म्होरके आमचे काका. काकांनी निघायच्या आधीच सहलीचं वेळापत्रक छापून घेतलं होतं. '१०.४० ते ११.०५ : निसर्गसौंदर्य' ही नोंद मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचली आहे.

पोर्ट ब्लेअरच्या समोर रॉस बेट आहे, आताचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. साहेबाचा अंदमानातला सगळा कारभार तिथून चालायचा. १९४१ च्या भूकंपाने बेट खिळखिळं झालं, १९४२ मध्ये जपानी आले आणि पुढे तिथली वस्तीच उठली. आता पडक्या चर्चच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी विळखा घातलाय आणि अवशेषांमधून चितळं फिरतात. अंदमानात चितळ मुळात नव्हतंच, साहेबाने आणून सोडलेलं. साहेब गेला, चितळं राहिली.

तर काका एका भिंतीपाशी उभे राहून पुढचा कार्यक्रम मोठ्याने वाचत होते. मागून एक मादी आली. काही घाई नाही. तिने आधी कागदाचा वास घेतला, मग ओठांनी कोपरा धरला आणि मान तिरकी करून हळूच ओढला. काकांना वाटलं काकूच. वळूनही न बघता म्हणाले, "थांब गं, वाचतोय ना!" वळले तोवर हॅवलॉक बेट पूर्ण आणि नील बेट अर्धं तिच्या पोटात गेलं होतं. ती शांतपणे रवंथ केल्यागत जबडा डावी-उजवीकडे फिरवत होती आणि ओठाच्या कडेला 'निसर्गसौंदर्य'मधलं 'सौंदर्य' लटकत होतं.

दुसरा किस्सा हॅवलॉकचा, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपाचा. हिवाळ्यात तिथे पाचच्या सुमारालाच अंधारायला लागतं. घड्याळ आपलंच, पण बेट इतकं पूर्वेला की सूर्य लवकर येतो नि लवकर जातो. उजेड होता तोवर पुतणीने किनाऱ्यावरून कापडी पिशवीभर रिकामे शंख गोळा केले. रिकामे म्हणजे तिच्या मते रिकामे. पिशवी व्हरांड्यात ठेवली. जेवणं आटोपून गप्पा मारत बसलो होतो तर पिशवी हलली. मग थोडी सरकली. मग आतून कर्र कर्र.

टॉर्च मारला तर पिशवीच्या तोंडातून एकेक शंख बाहेर पडून पायऱ्यांकडे निघालेला. त्यातला एक फरशीवर उताणा पडला होता. मी खाली वाकून बघत बसलो. आधी दोन मिशा आल्या, मग देठांवरचे दोन डोळे, मग मोठी जांभळट नांगी. त्याने नांगी फरशीच्या सांध्यात रोवली, एका हिसक्यात अख्खा शंख पालथा केला आणि काही झालंच नाही अशा थाटात चालू पडला. पुतणीने जाहीर केलं, "शंखांना पाय फुटले." सगळ्यांना उचलून पुन्हा वाळूत नेऊन सोडलं. एक तेवढा सकाळी काकूंच्या चपलेत निघाला, आणि काकूंच्या किंकाळीने आसपासच्या सगळ्या खोल्यांना सूर्योदय बघायला मिळाला.

आता तुम्ही लिहा. फोटो असतील तर उत्तम, नसतील तर थापा जरा बेताच्या मारा.

मधली_सुट्टी

"ओठाच्या कडेला 'सौंदर्य' लटकत होतं" ला फुटलेय. ऑफिसात बसून वाचू नये असा इशारा वर टाका की राव! काकांचं पुढे काय झालं?

आगाऊ_गलबत

काकांकडे दुसरी प्रत होती. ती काकूंकडे सांभाळायला दिली आणि ती हरवली. कशी हरवली हे काकूंना विचारायची कोणाची छाती झाली नाही. उरलेली सहल झकास झाली.

वाकडी_वाट

आमचं पात्र: सासूबाई. स्थळ: बाली, उलुवाटूचं मंदिर. समुद्रावर सत्तरेक मीटर उंच सुळका, वर मंदिर, आणि कठड्यावर लांब शेपटीची माकडं ओळीने बसलेली. गाईडने आधीच बजावलं की चष्मे, टोप्या, कानातलं, सगळं काढून बॅगेत ठेवा. सासूबाई म्हणाल्या, "चष्मा काढला तर माकडं दिसणार कशी?" युक्तिवाद बिनतोड होता. गाईड गप्प बसला.

माकड मागून आलं. खांद्यावर टेकलं न टेकलं आणि चष्मा घेऊन कठड्यावर जाऊन बसलं. पळून नाही गेलं, हे महत्त्वाचं. आपल्याला दिसेल पण हात पोचणार नाही, बरोब्बर तेवढ्या अंतरावर बसलं आणि चष्म्याची काडी दाढेखाली धरून आमच्याकडे बघत राहिलं. सासूबाईंनी आधी गोडीत घेतलं, "बाळा, दे बघू इकडे." बाळाने काडी जराशी चावली. मग त्यांचा पारा चढला, "मेल्या, द्वाडा, वाकून नमस्कार करायला आले होते मी इथे!" आजूबाजूच्या परदेशी पाहुण्यांना वाटलं हा काही विधीच आहे. दोघांनी फोन काढून चित्रण केलं.

शेवटी मंदिराचा माणूस फळांची पिशवी घेऊन आला. पहिलं फळ पुढे केलं, माकडाने बघितलं आणि मान फिरवली. दुसरं मोठं निघालं, ते हातात घेतलं पण चष्मा काही सोडला नाही. तिसऱ्याला चष्मा खाली टाकला. त्या माणसाच्या चेहऱ्यावर रोजचा हिशेब मिटवल्याचा भाव होता. काडीवर दातांचे ठसे अजून आहेत आणि सासूबाई ती बदलू देत नाहीत. प्रत्येक पाहुण्याला काडी दाखवतात.

निवांत_नाना

उघड आहे की. माकडांना हा धंदा तिथल्याच लोकांनी लावलाय. माकड आणि फळवाला दोघांची भागीदारी. वर्षानुवर्षं बघतोय, देवस्थान कुठलंही असो, हेच.

पाणकावळ्याची_मावशी

नाना, सुरुवात कोणी केली ते सांगणं अवघड, पण या माकडांवर रीतसर अभ्यास झालाय. २०२१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. उलुवाटूचीच माकडं, हाच देवाणघेवाणीचा प्रकार. गंमत अशी की मोठी माकडं निवडून माल उचलतात. फोन किंवा चष्मा नेला तर माणूस जिवाच्या आकांताने सोडवायला येतो, टोपीसाठी तेवढा जीव टाकत नाही, हे त्यांना कळतं. पिल्लांना हा फरक कळत नाही, हाताला लागेल ते पळवतात. वय वाढतं तसा बाजारभाव समजायला लागतो. आणि ही रीत ती एकमेकांचं बघून उचलतात. वाकडी_वाटच्या सासूबाईंना भेटलेलं माकड म्हणजे मुरलेला गडी होता, पहिल्या फळाला मान फिरवली त्यावरूनच कळतं.

आता गलबताच्या शंखांबद्दल. ते हर्मिट खेकडे. त्यांचं पोट मऊ आणि पिळवटलेलं असतं, त्याला स्वतःचं कवच नाही. म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधून त्यात राहायचं आणि अंग वाढलं की मोठा शंख बघायचा. किनाऱ्यावर चांगला मोठा शंख येऊन पडला की कधीकधी खेकडे त्याच्याजवळ थांबतात आणि लहानमोठ्या मापाने रांग लागते. सगळ्यांत मोठा नव्या शंखात शिरला की त्याच्यामागचा त्याच्या जुन्यात, त्याच्यामागचा त्याच्या... अशी सगळी रांग एका झपाट्यात घरं बदलते. शेवटी सगळ्यांत छोटा शंख तेवढा रिकामा राहतो. आपण पिशवी भरून मोठे शंख नेले की ही साखळीच बसते. मग ते बाटलीच्या झाकणात राहायला लागतात, तसे फोटो सगळ्यांनी बघितले असतील.

अंदमानहून परतताना विमानतळावर सामान तपासतात ते या साठीही. प्रवाळाचा तुकडा तर अजिबात उचलायचा नाही, तो वाळूत मरून पडलेला असला तरी. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे ज्या यादीत वाघ आहे तिथेच.

आणि जाता जाता एक खडूस शेरा. चितळाला कागद काय, काहीच खायला घालू नये. अंदमानात त्याला खाणारा मोठा प्राणी नाही, त्यामुळे ते बेफाम वाढलं आणि जंगलातली कोवळी रोपं फस्त करतंय.

मधली_सुट्टी

झालं. मावशी आल्या, आता धाग्याच्या शेवटी परीक्षा.

आगाऊ_गलबत

मावशी, कागद खायला घातला नाही हो, जप्त झाला! बाकी रांगेचा प्रकार जबरी आहे. एवढी शिस्त आमच्या बोटीच्या रांगेत असती तर काकांना कागद लागलाच नसता.

फेसाळ

आमच्याकडे नवरा हाच पुरेसा प्राणी आहे, पण मासा त्याला वरचढ निघाला.

थायलंडचं कोह ताओ. आम्ही दोघं डायव्हिंग शिकत होतो. पाण्यात उतरायच्या आधी शिकवणाऱ्या मुलीने एका माशाची खूण शिकवली: हाताचं पिस्तूल करायचं, तर्जनी पुढे आणि अंगठा वर. टायटन ट्रिगरफिश. हा मासा हातभरापेक्षा मोठा होतो, तोंड पुढे आलेलं, दात प्रवाळ फोडायचे. एरवी स्वतःच्या नादात असतो, पण घरट्यात अंडी असली की राखणदार. वाळूत खळगा करून अंडी घालतात आणि त्या खळग्यावरच्या पाण्याचा मोठा शंकू त्याच्या मालकीचा असतो. टोक खाली, तोंड वर. म्हणजे घाबरून सरळ वर गेलात तर जितके वर जाल तितकी त्याची हद्द रुंदच होत जाते. सुटायचं असेल तर आडवं पोहायचं. हे तिने तीनदा सांगितलं, नवऱ्याने तिन्ही वेळा मान डोलावली.

खाली गेलो. खळगा दिसला, मासा दिसला, खूण झाली. मी आणि बाकी सगळे आडवे निघालो. हे साहेब वर. मासा त्यांच्या मागे. मी खालून बघतेय: नवऱ्याच्या पायांतल्या काळ्या-पिवळ्या फिन्स जिवाच्या आकांताने हलतायत आणि त्यांच्यामागे एक डोळा. हो, त्या माशाचे डोळे स्वतंत्र फिरतात, एक नवऱ्यावर आणि एक आमच्यावर होता. त्याने फिनच्या टोकाचा तुकडा काढला, थुंकला आणि घरट्यावर जाऊन उभा राहिला. शिकवणारी मुलगी पाण्याखाली हसत होती, तिच्या बुडबुड्यांवरून कळत होतं.

ती फिन त्यांनी भरपाई देऊन घरी आणलीय. मित्रांना सांगतात की शार्क होता.

निवांत_नाना

फेसाळ, शार्कच राहू द्या हो. माणसाला घरात एवढा मान पुरे.

खाडीवाला

अंदमानातल्या बाराटांगला चुनखडीच्या गुहा बघायला गेलो होतो. छोट्या होडीने कांदळवनातून जातात, दोन्हीकडून फांद्या डोक्यावर येतात. सगळे मगर शोधत होते. मला चिखलात निवटी दिसल्या. हो, आपल्या खाडीतल्या त्याच निवटी! परदेशी नावांचे पक्षी बघायला आलेल्या मंडळींना मी ओरडून ओरडून निवटी दाखवल्या आणि कोणी ढुंकून बघितलं नाही. अरे, मासा आहे तो! पाण्याबाहेर येऊन पुढच्या परांवर चालतो, ओल्या कातडीतून श्वास घेतो, भांडण झालं की पाठीवरचा पर ताठ उभा करून दुसऱ्याच्या अंगावर उड्या मारतो. दोन निवटी तोंडं वासून एकमेकींसमोर उभ्या होत्या, मागे कोणी हटेना. होडी पुढे गेली म्हणून निकाल कळला नाही, याची चुटपुट अजून आहे.

ओसाडगावचा_पाटील

मी पुढच्या महिन्यात अंदमानला निघालोय आणि तुम्ही सगळे "मगर शोधत होतो" असं उत्साहाने लिहिताय. मला ती सापडायला नकोय. समुद्रात पण असते म्हणे? कोणीतरी गंभीरपणे सांगा.

पाणकावळ्याची_मावशी

गंभीरपणे: असते. अंदमानातली मगर खाऱ्या पाण्याची, खाडीतून समुद्रात सहज ये-जा करते. काही किनाऱ्यांवर पोहण्याच्या जागेला जाळी लावलेली आहे. मगरीचा फलक असेल तिथे घोट्याएवढ्या पाण्यातही उतरू नका. खाडीचं तोंड आणि कांदळवनाचा काठ टाळा, पहाटे आणि अंधार पडताना पाण्यात जाऊ नका. जीवरक्षकाने शिट्टी मारली की वाद न घालता बाहेर. एवढं पाळलंत तर निर्धास्त जा.

डासांची_लाडकी

पाटील, मगरीचं सोडा. तिथला खरा हिंस्र प्राणी म्हणजे वाळूतली माशी. सँडफ्लाय. दिसत नाही, ऐकू येत नाही, चावते तेव्हा कळतही नाही. कळतं रात्री, मग पुढे कित्येक दिवस. सूर्यास्ताला ओल्या वाळूवर पाय पसरून बसलेल्या रोमँटिक जोडप्यांना दुसऱ्या दिवशी पोटऱ्या खाजवताना बघा. चटई घ्या, पाय झाका, खोबरेल चोपडा. खाजवलंत तर संपलात.

भटकी_सुई

झांझिबार. शीर्षकातली चप्पल माझीच आहे, गलबताला आधी सांगितली होती. आता सविस्तर.

आधी कासवांचं. झांझिबारच्या शहरासमोर चांगू नावाचं छोटं बेट आहे. १९१९ मध्ये सेशेल्सच्या गव्हर्नरने तिथे अल्डाब्राची चार महाकाय कासवं भेट पाठवली, आज त्यांचा मोठा कुटुंबकबिला झालाय. पाठीवर रंगाने वय लिहिलेलं असतं. माझ्यासमोर आलं त्यावर १५० च्या वरचा आकडा होता. पाला पुढे केला की मान इतकी लांब बाहेर येते की आत कुठे मावत असेल कळत नाही. मानेखाली हळूच खाजवलं तर चारी पायांवर उंच उभं राहतं, मान ताणतं आणि डोळे मिटून घेतं.

बहिणीने सहलीसाठी खास पायांना लालभडक नेलपॉलिश लावलं होतं. लाल रंग म्हणजे पिकलेलं फळ, हे कासवांचं गणित. एक आजोबा दहाएक पावलांवरून तिच्या अंगठ्यावर नजर रोखून निघाले. बहीण फोटोसाठी हसत उभी. आम्ही सांगतोय, "अगं सरक," ती म्हणतेय, "येऊ दे, किती गोड आहे!" येईपर्यंत एवढा वेळ गेला की तिचं लक्ष उडालं. मग त्यांनी तोंड उघडलं. रखवालदाराने तिला मागे ओढलं म्हणून अंगठा वाचला, सँडलच्या पट्ट्याला मात्र चोचीची खूण आली. आजोबा तिच्या मागे येतच राहिले. आम्ही पुढे, ते मागे. घाई कोणालाच नव्हती, पण थांबायलाही कोणी तयार नव्हतं. शेवटी पाल्याची लाच देऊन प्रकरण मिटलं.

आता चप्पल. जवळच चुंबे नावाचं राखीव बेट आहे. तिथे रात्री टॉर्च घेऊन नारळखेकडे दाखवतात. जमिनीवर राहणारा हा जगातला सगळ्यांत मोठा खेकडा. वजन चार किलोपर्यंत जातं, पाय पसरले तर मीटरभर. मावशींच्या हर्मिट खेकड्यांचाच हा भाऊबंद: लहानपणी शंखात राहतो, मोठा झाला की शंख सोडून देतो कारण त्याच्या मापाचा शंखच नसतो. वास जबरदस्त येतो त्याला आणि जे सापडेल ते ओढून नेऊन बघायची खोड आहे.

माझी चामड्याची चप्पल दाराबाहेर होती. रात्री फरफट ऐकू आली. बघते तर निळसर काळा एक महाभाग एका नांगीत चप्पल धरून उलटा उलटा झुडपाकडे निघालेला. मी पुढे झाले तसा तो थांबला. मी थांबले, तो निघाला. पहारेकरी म्हणाला, ओढाताणीत पडू नका, ही नांगी नारळ सोलते. मग आम्ही दोघं टॉर्च धरून, अदबीने अंतर राखून, आमच्याच चपलेच्या मागे चालत गेलो. एका झाडाच्या बुंध्याशी त्याने ती ठेवली, मिशांनी चाचपली, अंगठ्याच्या जागी थोडी कुरतडली आणि टाकून निघून गेला. आवडली नाही! एवढा उपद्व्याप करून आवडली नाही.

वाकडी_वाट

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "निदान माकडाला माल तरी ओळखता येतो."

कवडी_कवडी

लक्षद्वीपचं कोणीच लिहीना, म्हणून मी. तिथे कुत्री नाहीत, त्यामुळे पहाटेची शांतता इतकी असते की कान वाजतात. आम्ही अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाने अडवलेल्या उथळ पाण्यात, कायाकवर होतो, मैत्रीण पुढे, मी मागे. अचानक शेजारी पाणी फुटलं आणि "फुस्स्!" करून जोरात श्वास सुटला. हिरवं समुद्री कासव, डोकं पाण्याबाहेर, मैत्रिणीच्या तोंडापासून वल्हाच्या अंतरावर. चेहऱ्यावर फवारा उडाला. मैत्रीण दचकून म्हणाली, "सॉरी!" कासवाने एकदा बघितलं आणि खाली गेलं. पुन्हा वर आलं, पुन्हा फुस्स्, पुन्हा "सॉरी". पाचसहा वेळा तरी तिने माफी मागितली असेल.

तिथले कोळी मात्र या कासवांवर वैतागलेले आहेत. संरक्षणामुळे लगूनमध्ये कासवं खूप वाढली आणि त्यांनी तळाचं समुद्री गवत खरवडून खाल्लं. त्या गवतात माशांची पिल्लं वाढतात. गवत गेलं की मासे कमी. आपल्याला गोंडस वाटणारा प्राणी तिथल्या माणसाच्या जाळ्याशी स्पर्धा करत असतो, हे ऐकून मी थोडी गप्प झाले. मैत्रीण नाही झाली. ती म्हणाली, "म्हणून तर मी सॉरी म्हणत होते."

शून्य_प्रहर

मालदीव. तिथला राखाडी बगळा हा पाळीव नाही आणि रानटीही नाही, तो कर्मचारी आहे. धक्क्यावर मासे साफ करायची वेळ त्याला पाठ. वेळेआधी येऊन एका पायावर उभा राहतो आणि माणसाला उशीर झाला तर घसा खरवडून ओरडतो.

तिथेच गुडघाभर पाण्यात बाबा उभे होते आणि एकदम ओरडले, "मुशी! अरे, मुशीची पिल्लं!" काळ्या टोकाच्या परांचे छोटे शार्क, हातभर लांबीचे, पांढऱ्या वाळूवरून सरसरत येतात आणि माणसाची सावली पडली की पसार. लहानपणी ते उथळ पाण्यातच राहतात, मोठ्या माशांपासून लपायला. जवळ उभं असलेलं एक परदेशी कुटुंब शार्क बघून किनाऱ्यावर धावलं आणि बाबा मात्र वाकून पिल्लं मोजत बसले.

मधली_सुट्टी

सगळ्यांचे किस्से होतायत आणि माझ्याकडे एकच आहे, तो पण भांडणाचा. स्नॉर्केलिंग करताना एका समुद्रफुलाजवळ (सी ॲनिमोन) गेले, आतून नारिंगी क्लाउनफिश आला आणि माझ्या मास्कला धडका मारायला लागला. बोटाएवढा जीव! मी मागे सरले तर तेवढाच पुढे येऊन अजून दोन धडका. मुलांना किती गोड वाटतो तो मासा. खरं तर शेजारच्या बंगल्यातल्या आजीबाई आहेत त्या.

पाणकावळ्याची_मावशी

आजीबाईच असतील, अगदी शब्दशः. समुद्रफुलातल्या कुटुंबात सगळ्यांत मोठी ती मादी आणि घराची कारभारीण तीच. सगळे क्लाउनफिश जन्माने नर असतात. मादी गेली की तिचा जोडीदार नर मादी होतो आणि त्याच्या जागी पुढचा नर वर सरकतो.

निवांत_नाना

वर घरं बदलायची रांग, इथे बढतीची रांग. समुद्रात सेवाज्येष्ठता भलतीच कडक दिसते.

ओसाडगावचा_पाटील

धागा वाचून अंदमान झालं की पुढच्या वर्षीचंही डोक्यात आलंय. कोणी ख्रिसमस बेटावर गेलंय का? ऑस्ट्रेलियाचं, हिंद महासागरातलं. लाल खेकड्यांचं स्थलांतर बघायचंय. कोट्यवधी खेकडे जंगलातून समुद्राकडे निघतात म्हणे, रस्ते बंद करतात, त्यांच्यासाठी पूल बांधलेत. तारखा कोणाला माहीत आहेत का? रजा आधी टाकावी लागते.

पाणकावळ्याची_मावशी

तारीख खेकडे ठरवतात. पावसाळ्याची पहिली सर पडली की निघतात, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर. पण अंडी समुद्रात सोडायची ती वद्य पक्षात, चंद्राच्या शेवटच्या चतकोरात, पहाटेआधी, भरती उतरायला लागल्यावर. त्या हिशेबाने ते वेग ठरवतात. पाऊस उशिरा आला आणि ती वेळ गाठता येणार नसेल तर सरळ पुढच्या महिन्यावर टाकतात. आधी नर निघतात, माद्या मागून येतात.

ओसाडगावचा_पाटील

अहो, पण मग रजेच्या अर्जात तारीख काय लिहू?

भटकी_सुई

"वद्य अष्टमीच्या आसपास, पाऊस पडल्यास" असं लिहा. साहेब पंचांग बघणारे असतील तर मंजूर होईल.

निवांत_नाना

आणि बंद पायांचे बूट घेऊन जा. चपला बाहेर ठेवू नका, नारळखेकडे तिथेही आहेत.